बुटांवरच्या धुळीतलं लोखंड

भिंगरी हाका मारत असणार, मग रेडिओवर नुसती खरखर का?

भिंगरी म्हणजे शाल्मलीची दगड वेचणारी छोटी रोबो. चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीपलीकडे ती कुठेतरी अडकली होती. सूर्य मावळायला आला होता आणि इथली रात्र पंधरवडाभर चालते. त्या गारठ्यात भिंगरीची बॅटरी तग धरणार नव्हती.

"आबा, तिची हाक खालच्या वारंवारतेवर (दर सेकंदाला कमी कंपनं) असते. रेडिओच्या वेटोळ्याला तार कमी पडली, म्हणून मी आत धातूची दांडीही घातली."

आबा वस्तीतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी दांडी बाहेर काढली, तसा रेडिओवरचा वारंवारतेचा काटा थोडा खाली सरकला.

"अ‍ॅल्युमिनियम! चंद्रावर वाढलेली पोरं तुम्ही. इथे सगळं ह्याचंच, म्हणून धातू म्हटलं की तुम्हांला हाच आठवतो."

"म्हणजे दांडीने उलटंच होत होतं?"

"हो. वेटोळ्यातल्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. प्रवाह बदलू लागला की ते त्या बदलाला अडवतं. हा गुण म्हणजे प्रवर्तकत्व. ते वाढलं की रेडिओ खालची वारंवारता पकडतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि क्षेत्रालाच विरोध करतात."

"आणि लोखंडात?"

"लोखंडात असंख्य इवले चुंबकीय भाग वाट्टेल तिकडे तोंड करून असतात. वेटोळ्याचं क्षेत्र आलं की ते एका दिशेला वळू लागतात. क्षेत्र वाढतं, प्रवर्तकत्वही वाढतं, तारेचा एकही वेढा न वाढवता. पण अखंड दांडीत भोवरे उठणारच. त्यासाठी लोखंडाचे सुटे कण लागतात, आणि तशी भुकटी काही आपल्याकडे नाही."

शाल्मली दाराकडे बघत राहिली. बाहेरून येणाऱ्याने तिथे बूट झटकायचे, हा वस्तीचा नियम. धुळीचा डबा काठोकाठ भरला होता.

"आबा, चंद्राच्या धुळीत लोखंडाचे कण असतात ना?"

आबा हसले. "रोज झटकतो मी ते."

तिने कागदात गुंडाळलेलं चुंबक डब्यात फिरवलं. त्याला चिकटलेली काळी भुकटी डिंकात कालवून नळीत भरली, वाळवली आणि नळी वेटोळ्यात सरकवली. काटा खाली, आणखी खाली गेला.

टिक... टिक... टिक...

"भिंगरी," शाल्मली हळूच म्हणाली.

वेटोळं फिरवत त्यांनी हाकेची दिशा शोधली. वस्तीची गाडी गेली आणि अंधार पडायच्या आत भिंगरीला घेऊन आली.

दारात शाल्मलीने भिंगरीची चाकं झटकली. धूळ मात्र डब्यात न टाकता बरणीत भरली.

"ही कशाला?" आबांनी विचारलं.

"मोठ्या वेटोळ्याला. अजून लांबचं ऐकायचंय."