सत्तावीस नंबरचे तळवे

पाटाच्या दाराला मढं अडकलंय, असा निरोप आला तेव्हा फौजदार सर्जेराव मार्केट यार्डाच्या मांडवात शर्यतीतून उरलेल्या केळ्यांचा समाचार घेत होते. शेजारी मांडववाला कपाळाला हात लावून बसला होता. पाहुणे येणार म्हणून सांगवीच्या रस्त्यावर आदल्याच दिवशी डांबर ओतलेलं. धावणारे सगळे त्याच रस्त्याने गेले आणि आले, आणि शेवटच्या रेषेवर अंथरलेल्या त्याच्या नव्या सतरंजीवर बुटांचे काळे शिक्के उमटले. मधूनच अनवाणी पावलंही होती, तितकीच काळी.

"रॉकेलशिवाय न्हाय निघायचं हे," मांडववाला म्हणाला.

सर्जेराव केळं टाकून उठले.

मढं पालथं होतं. अंगात हिरवी बनियन, तिच्यावर सत्तावीस नंबर. हवालदाराने ते उताणं केलं आणि एकदम मागे सरला. "साहेब, हा निरवांगीचा युवराज!"

याच नंबराने सकाळी रेषा ओलांडली तेव्हा सर्जेरावांनी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

युवराजचं नाव महिनाभर आसपासच्या तालुक्यांत गाजत होतं. त्याच्या थोरल्या भावाची पोरगी, सोनम, आठ वर्षांची. काळजाला भोक. ऑपरेशन पुण्याला, आणि तेही या महिन्याच्या आत. तिच्यासाठी निरवांगीच्या चौघांनी अर्ध मॅरेथॉन पळायचं ठरवलं आणि दारोदार मदत मागितली. तरी बरंच कमी पडत होतं. तेव्हा ट्रॅक्टरचे व्यापारी दादासाहेब पुढे आले. त्यांना दानसुद्धा पैज लावल्याशिवाय गोड लागत नसे. लाऊडस्पीकरवरून त्यांनी सांगून टाकलं, चौघंच्या चौघं शेवटपर्यंत पोचले तर उरलेला सगळा खर्च माझा. एक जरी मागे राहिला, तर काही नाही.

युवराजचा खंडोबाला नवस होता. पोरगी बरी होईपर्यंत पायात काही घालणार नाही. मेंढरांमागे वाढलेला गडी, त्याला त्याचं काय! तो शर्यतही अनवाणीच पळणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि चौघंही पोचले होते. चेक उद्या सकाळी मिळणार होता.

सर्जेराव मढ्याच्या पायांशी बसले. तळवे निबर, भेगाळलेले. भेगांमध्ये पांढरी माती. त्यांनी ते तळवे नीट न्याहाळले आणि उठले.

दवाखान्यात शवचिकित्सा करून डॉक्टर योगिनी बाहेर आल्या तेव्हा उन्हं कलली होती.

"बुडून नाही गेला," त्या म्हणाल्या. "फुप्फुसात पाणीच नाही. पाण्यात पडला तेव्हा जीव नव्हता."

"मारलं?"

"अंगावर ओरखडासुद्धा नाही. हृदय मात्र भलतंच वाढलेलं. पुतणीचं तपासलं, पण काकाचं तपासायचं कुणाला सुचणार? याला पळू द्यायलाच नको होतं."

"म्हणजे शर्यत संपल्यावर गेला?"

डॉक्टर घुटमळल्या. "माझ्या मते बरंच आधी. अंग पार ताठलं होतं. पण तुम्ही तर त्याला पळताना पाहिलंत म्हणता."

"नंबर पाहिला," सर्जेराव हळूच म्हणाले.

आवारात निरवांगीची माणसं टेंपोतून उतरली होती. पळणाऱ्यांपैकी भीमा भिंतीला टेकून रडत होता. निघताना पुढे कोण थांबणार यावरून त्याची आणि युवराजची आदल्या दिवशी बाचाबाची झाल्याचं हवालदाराने ऐकलं होतं.

"सकाळी युवराजला भेटला होतास?" सर्जेरावांनी विचारलं.

"लांबनं दिसला. गर्दी लई हुती."

"बोललास?"

"न्हाय. रुसलाय म्हणलं अजून. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हात वर केला नुसता. मग आमी पुढं, त्यो मागं."

"पळाला कसा?"

भीमाने डोळे पुसले. "लंगडत हुता, साहेब. निम्म्या वाटंपासनं. मला नवल वाटलं. काट्यातनं पळणारं पाय त्याचं."

सोनम त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर होती. तिची आई म्हाळसा जिन्यात बसली होती.

"तात्याबा सकाळी इथंच होते?" सर्जेरावांनी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "च्या आणाया गेलं हुतं मधी."

"चहा आणला?"

म्हाळसाने मान खाली घातली.

खाली युवराजला बाहेर आणलं. गडीमाणसांनी चपला लिंबाखाली काढून ठेवल्या आणि सगळे अनवाणी गोळा झाले. तात्याबा भावाच्या उशाशी उभा होता. अंगापिंडाने अगदी युवराजच, फक्त केस पिकायला लागलेले. मेंढरं सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. कारखान्यात नोकरी, पायात कारखान्याचे जाड बूट.

"तात्याबा, बूट काढ की रं," म्हातारे दत्तोबा म्हणाले. "खांदा द्यायचाय."

तात्याबा हलला नाही.

"भानावर न्हाय त्यो. ऱ्हाऊ द्या," कुणी तरी म्हणालं.

दादासाहेबही आले होते. त्यांनी तात्याबाच्या पाठीवर हात ठेवला. "धीर धर. शब्द दिलाय मी. उद्या चेक तुझ्या हातात."

सर्जेराव सारं पाहत होते. त्यांना वाटलं, आपण सरळ घरी जावं. पाय घसरून पडला, असं लिहावं आणि मोकळं व्हावं. बोललं तर काय मोडणार आहे, ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण पाटाकाठी कुणीतरी एकटं पडून राहिलं होतं, आणि त्याच्या वतीने बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

"तात्याबा," ते म्हणाले, "बूट काढा."

दादासाहेबांचा हात तात्याबाच्या पाठीवरून खाली आला. सर्जेराव पुढे बोलले.

"नवं डांबर तुडवून जो अनवाणी पळाला, त्याचे तळवे काळे व्हायलाच हवेत. सतरंजीवर तशी पावलं मी स्वतः पाहिलीत. पाटाच्या पाण्याने डांबर जात नाही. पण युवराजच्या पायाला डांबराचा ठिपकासुद्धा नाही. तो पळालाच नाही. शर्यत संपायच्या आधीच तो गेला होता. त्याचा नंबर घालून पळाला त्याला अनवाणी पळायची सवय नव्हती, म्हणून लंगडला. तोंड दिसू नये म्हणून टॉवेल गुंडाळला. आणि सख्ख्या भावाच्या मढ्याजवळ पायातलं काढत नाही, असा इथं एकच माणूस आहे."

तात्याबा मटकन खाली बसला. बूट त्यानेच ओढून काढले. तळव्यांची सालटी लोंबत होती, आणि उरलेलं सगळं काळं होतं.

"च्या आणाया निघालो हुतो. त्यो पळायच्या आधी अंग मोकळं करताना पडला, साहेब," तो म्हणाला. "हितंच, पाटाच्या कडंला. म्हणलं चक्कर आली आसंल. उसात सावलीला निजवला. तिकडं भोंग्यावर नंबर पुकाराय लागलं."

"बनियन त्यानं काढून दिली?"

तात्याबाने मातीत बोट फिरवलं.

"मी काढली."

"तेव्हा श्वास चालू होता?"

"व्हय."

डॉक्टर योगिनींनी तोंड फिरवलं. तो ऊस दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होता. हाक मारली असती तर ऐकू आली असती.

"म्हणलं, पळून येतो आन् मग न्हेतो. आलो तर गार पडलेला." तात्याबाचा आवाज फाटला. "मग बनियन चढवली आन् पाण्यात सोडला. मी मारला त्याला साहेब. पण पोरगीबी माझीच हाय की."

दादासाहेब एक पाऊल मागे सरले. मग चाचरत बोलले. "फौजदार, शर्त चारचौघांत जाहीर केली होती. पळाले तिघंच. आता मी चेक दिला तर लोक म्हणतील, मढं लपवलं त्याला बक्षीस दिलं." त्यांनी कुणाच्याही नजरेला नजर दिली नाही. गाडीचं दार लागल्याचा तेवढा आवाज आला.

खांदा द्यायला तात्याबाला नेलं, तेव्हा हवालदाराने त्याला दंडाला धरलं होतं. मागे म्हाळसा उरली. ती रडत नव्हती. ती सर्जेरावांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब," तिने विचारलं, "त्यांचं पाय तुमी उद्या बघितलं असतं, तर चाललं नसतं का?"

सर्जेरावांनी टोपी काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. हाच प्रश्न त्यांनी मघाशी स्वतःलाही विचारला होता.