नावाचे उंदीर

खालापूर तालुक्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी उंदीर सांभाळतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथंच आहे. भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, वजनं घ्यायची.

ही गोष्ट घडली तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोष माझ्यात. रिपोर्ट आहे. मी लाजलो नाही. रूपालीला वांझ म्हणणाऱ्या माझ्या मावश्यांनी लाजावं.

मूल होत नसलेल्या पुरुषाला ठाकूरवाडीत एक मुळी उगाळून देतात. आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्या विनिता मॅडमना ती उंदरांवर तपासायची होती. मुळी दाखवायला वाडीतली बायजा आम्हा दोघांना रानात घेऊन गेली. सत्तरीची म्हातारी विडी ओढत पुढं, मॅडम धापा टाकत मागं.

मुळीच्या वेलाशी बसून बायजा म्हणाली, "कोनासाठी? नाव घेतल्याबिगर मुळी निघत नाय."

"उंदरांसाठी," मी म्हणालो.

"नावं काय त्यांची?"

मॅडमना हसू आवरेना. "नंबर आहेत, मावशी. एक ते सहा."

"नंबराला पोर हुतंय का गं?"

"मग माझं घे," मी म्हणालो. "विकास."

सहा मुळ्या, सहा खड्डे. प्रत्येक खड्ड्यात वाकून तिनं माझं नाव सांगितलं.

सहा नरांना अर्क, सहांना नुसतं पाणी. साठ दिवस. आठव्या दिवशी मॅडमनी दारातून हाक मारली, "विकास, चहा घे रे." अर्कवाले सहाही उंदीर मागच्या पायांवर उभे राहिले. पाणीवाले खात बसले.

मॅडमना गंमत वाटली. दिवसातून चारदा हाक मारायच्या. मी 'मनोज' म्हणून पाहिलं, 'निलेश' म्हणून पाहिलं. एक कान हलला नाही.

बावन्नाव्या दिवशी रूपालीला दिवस गेल्याचं कळलं. मी पेढे वाटले. मावश्यांना मुद्दाम दोन-दोन. मग वाडीवर गेलो.

"उंदीर कसे हायेत?" बायजानं आधी हेच विचारलं.

"साठाव्या दिवशी मारायचे. आतलं तपासतात."

पेढा तिनं खाली ठेवला. "नाव तुझं हाय रं त्यांच्यावर."

विडी पेटवली. पेढा तसाच राहिला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी एकोणसाठाव्या दिवशी संध्याकाळी मी सहाही उंदीर भाजीच्या पिशवीतून घरी आणले. त्यांच्या जागी त्याच वजनाचे दुसरे सहा ठेवले, शेपटीवर नंबर घातले. निष्कर्ष निघाला, 'परिणाम नाही'. पेपर छापून आला. त्यात मॅडमचं नाव आहे, मुळीचं लॅटिन नाव आहे. बायजाचं कुठंच नाही.

श्रिया झाली, सव्वातीन किलोची. पिंजरा स्वयंपाकघरात. रूपाली कुरकुरते आणि स्वतःच भाकरी घालते.

पांढरा उंदीर फार तर तीन वर्षं जगतो. मॅडमच्या पुस्तकातच आहे.

श्रियाला आता सातवं लागलंय.

सहाही धडधाकट आहेत.

परवा तिचा पहिला दुधाचा दात पडला. खालचा, डावीकडचा. "बाबा, उंदराला द्यायचा ना?" म्हणत ती नाचतच पिंजऱ्याशी गेली. सहाही मागच्या पायांवर उभे राहिले. मी वाकून पाहिलं.

सहाही जणांचा खालचा डावा दात नव्हता.