मुदतीच्या दिवशी हरवलेला सावकार

श्रावणातला रविवार होता. मुक्ताबाईंनी तुळशीला पाणी घातलं, सूर्याला हात जोडले आणि रविवारच्या अळणी भाकरीसाठी पीठ काढायला घेतलं, एवढ्यात दारात तीन माणसं येऊन उभी राहिली.

ओसरीवर कोंडीबा पेपर वाचत होता. हा मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यापासून बहिणीकडेच राहायचा. मुक्ताबाईंनी स्वतः वीस वर्षं बायकांच्या तुरुंगात जमादारीण म्हणून काढली होती. पेन्शनीत आल्यावर त्यांनी दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली, तेव्हा सगळा उत्तर कसबा हसला होता. आता कोणी हसत नसे.

"काय हरवलंय?" कोंडीबानं सवयीनं विचारलं.

पुढचा माणूस म्हणाला, "सावकार."

"काय?"

"आमचा सावकार हरवलाय, साहेब. पैसे द्यायचे हायती, आन घ्यायला माणूसच न्हाय."

कोंडीबाला हसू फुटलं. "अहो, सगळं जग सावकाराला चुकवत फिरतं, आणि तुम्ही..."

बोलता बोलता त्याचं लक्ष मागच्या बाईकडे गेलं. तिनं एक कापडी पिशवी पोटाशी इतकी घट्ट धरली होती की तिची बोटं पांढरी पडली होती. कोंडीबानं हसू गिळलं आणि पेपर बाजूला ठेवला.

माणसाचं नाव गुरप्पा. बाई त्याची बायको चंद्रव्वा, आणि मागे उभा होता तो धाकटा भाऊ सोमलिंग. भवानी पेठेत त्यांचं घर आणि घरातच माग. तीन वर्षांपूर्वी दोन यंत्रमाग घ्यायला त्यांनी हिंदुराव सावकारांकडे घर लिहून दिलं होतं.

"मुदतखरेदीचा कागद हाय," गुरप्पा म्हणाला. "मुदतीत पैसे दिले तर घर आमचं. न्हाय दिले तर त्याच कागदावर घर त्यांचं. माग आले आन वीजकपात सुरू झाली. सूत महागलं. एक माग इकला. सोमलिंगचं लगीन दोनदा पुढं ढकललं. हिनं कानातलं मोडलं, दिवसाला हजार इड्या वळती. काल सांजच्याला रक्कम पुरी झाली, बाई. मुदत आज सूर्य मावळेपर्यंत हाय."

"आणि सावकार?" मुक्ताबाईंनी पिठाचा हात झटकत विचारलं.

"मंगळवारीच केम गावाला गेलेत म्हणं. बहीण आजारी. आमी काल रातच्यापासनं चकरा मारतोय."

"मग कोर्टात भरा की पैसे!" कोंडीबा म्हणाला.

"रविवारी?" मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. "कोर्ट बंद, कचेरी बंद, पोस्ट बंद. कागद करताना त्यानं वार बघूनच तारीख घातली असणार."

"वकील म्हनले, उद्या दावा लावू. धा वर्सं चालंल," सोमलिंग म्हणाला. "तवर घरात सावकाराचं कुलूप."

चंद्रव्वा पहिल्यांदाच बोलली. "घरात सात माणसं हायती, अक्का. सासू हातरुणाला खिळलेली. तिला कुटं उचलून न्यायची?"

मुक्ताबाईंनी पीठ झाकून ठेवलं आणि पदर खोचला. "चल रे कोंडीबा. भाकरी संध्याकाळी करीन."

सावकारांची पेढी बाळीवेशीत होती. तिथे त्यांचा दिवाणजी चनमल्लप्पा गादीवर पान लावत बसला होता.

"मालक नाहीत," तो म्हणाला. "आणि पैसे घ्यायचा अधिकार मला नाही. सही मालकांची, कागद मालकांच्या तिजोरीत."

"केमचा पत्ता द्या," कोंडीबा म्हणाला.

"द्यायला काय हरकत आहे? स्टेशनाजवळ उतरून कोणालाही विचारा." दिवाणजीनं चुना लावला, सुपारी घातली आणि पान दुमडलं. "जा की. दीडची पॅसेंजर आहे."

बाहेर आल्यावर कोंडीबा म्हणाला, "माणूस बरा वाटला गं. स्वतःहून गाडी सांगितली."

"तेच तर," मुक्ताबाई म्हणाल्या.

बाराच्या सुमाराला ते पाचही जण दक्षिण कसब्यात सावकारांच्या घरी पोचले. रिमझिम चालू होती. ओसरीवर ज्वारीची सात-आठ पोती एकावर एक रचलेली, वरून गोणपाट टाकलेलं, तरी खालच्या पोत्याचा कोपरा भिजला होता. अंगणाच्या टोकाला दगडी कोठीची खोली होती. तिला भलंमोठं कुलूप.

सावकारांच्या पत्नी वच्छलाबाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या. चेहरा शांत, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात तुळशीची माळ.

"जेवताना त्रास दिला का वहिनी?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"नाही, आत्ताच उठले."

"एकट्याच आहात घरात?"

"गडी गावाकडे गेलाय." वच्छलाबाईंनी नजर खाली घातली. "हे... मंगळवारच्या गाडीनं गेले. वन्संना बरं नाही."

"ही पोती बाहेर का हो?" कोंडीबानं सहज विचारलं.

"कोठीत उंदीर झालेत."

मोरीपाशी खरकटी भांडी पडली होती. एक मोठं पितळी ताट, दोन पेले, तवा. कोंडीबानं ते पाहिलं आणि बहिणीला कोपरानं हळूच ढोसलं. बाहेर पडताच तो म्हणाला, "अक्का, माझा संशय फिटला. मला वाटत होतं, लेकाचा घरातच दडलाय. पण ताट एकच होतं. बाई एकटीच जेवली."

"बघितलंस का? छान," मुक्ताबाई म्हणाल्या. कोंडीबा खूश झाला.

कोपऱ्यावर शिवबाईचा म्हशींचा गोठा होता. सावकारांकडे दूध तीच घाले. मुक्ताबाई तिच्यापाशी टेकल्या.

"वच्छलावहिनी फार सोशिक दिसतात," त्या म्हणाल्या.

"सोशिक? अवं देवमाणूस हाय ती!" शिवबाई म्हणाली. "मालकाचं मला सांगू नका, पर बाई लई नेमाची. चातुर्मासात नवऱ्याचं जेवण झाल्याबिगर घास घेत न्हाय, आन घेतला तर त्याच्याच ताटात. परसाल मालक पुण्याला गेलं, तर तीन दिस निस्त्या दुधावर ऱ्हायली. ताप चढला, तरी दुसऱ्या ताटाला शिवली न्हाय."

"मग तुमचं दूध खपलं असेल."

"परसाल खपलं की! औंदा कशाचं? ह्या आठवड्यात बी रोजचंच अर्धा शेर. म्हशीची पेंड बी सुटत न्हाय त्यात."

कोंडीबा घड्याळ बघत होता. त्याला म्हशीच्या पेंडीत रस नव्हता. "अक्का, पाऊण वाजला!"

स्टेशनावर त्याचा जुना ओळखीचा हमाल होता, येडू. कोंडीबानं त्याला गाठलं.

"हिंदुराव सावकार? मंगळवारी पॅसेंजरला बसलं की," येडू म्हणाला. "ह्या डोळ्यांनी बघितलं. मी म्हनलं, सामान द्या मालक, तर म्हनले, सामान कुठंय? हातात निस्ती छत्री हुती. चार आणे बुडालं माझं."

"झालं!" कोंडीबा गुरप्पाकडे वळला. "गाडीत बसलेला माणूस आहे. दीडची पॅसेंजर, पाचपर्यंत केम. गाव लहान आहे, सूर्य मावळायच्या आत सापडतो. मी तिकिटं काढतो."

गुरप्पानं खिशात हात घातला. चंद्रव्वा मात्र मुक्ताबाईंकडे बघत होती.

"तिकिटं काढू नका," मुक्ताबाई म्हणाल्या.

"अक्का!" कोंडीबाचा आवाज चढला. "ही गाडी गेली तर दुसरी रात्रीची. तुझा अंदाज चुकला तर यांचं घर जाईल!"

"माहीत आहे मला." मुक्ताबाईंचा चेहरा उतरलेला होता. आपली बहीण घाबरली आहे हे कोंडीबाला कित्येक वर्षांत प्रथमच दिसलं. "चंद्रव्वा, पैसे तुझ्या हातात आहेत. माझं ऐकायचं की गाडीत बसायचं, तू सांग."

गार्डनं शिट्टी दिली. चंद्रव्वानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमी म्हणाल तसं," ती म्हणाली. "ती बाई आमच्याशी बोलताना एकदा बी वर बघत न्हवती. सांजच्याला माझ्या पोरांसंगं बोलताना मी बी तशीच खाली बघती, घरात खायला काय नसलं की."

गाडी हलली. कोंडीबा डब्यामागून डबा जाताना बघत राहिला.

तीन वाजता सावकारांच्या अंगणात सगळे जमले. मुक्ताबाईंनी शिवबाईला बोलावलं होतं, शेजारच्या मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यांना आणलं होतं, आणि चनमल्लप्पा दिवाणजीला कोंडीबा पेढीवरून जवळजवळ उचलूनच घेऊन आला होता.

"हा काय तमाशा?" दिवाणजी ओरडला. "मालक केमला आहेत म्हणून सांगितलं ना?"

मुक्ताबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वच्छलाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी तुम्हाला एकही प्रश्न विचारणार नाही. तुम्हाला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून. मीच बोलते. चुकलं तर सांगा."

वच्छलाबाईंनी पदर सावरला.

"मंगळवारी सावकार गाडीत बसले, हे खरं. चार माणसांनी बघावं म्हणूनच बसले. पण आजारी बहिणीकडे पाच-सहा दिवस राहायला निघालेला माणूस वळकटी नेतो, धोतरजोडी नेतो. यांच्या हातात नुसती छत्री. म्हणजे लांब जायचंच नव्हतं. पुढच्या स्टेशनावर, बाळ्याला उतरले आणि टांग्यानं मागच्या दारी आले."

"कशावरून?" दिवाणजी म्हणाला.

"श्रावणात भरलेली कोठी रिकामी करून ज्वारी पावसात कोण काढतं? उंदीर झाले म्हणून? उंदरांना ओसरी काय लांब आहे? आणि रिकाम्या कोठीला एवढं कुलूप कशाला? धान्य बाहेर आलं, कारण आत माणसाला पाय पसरायला जागा हवी होती."

"पण अक्का," कोंडीबाला राहवेना, "ताट एकच होतं की!"

"ताट एक, आणि पेले दोन," मुक्ताबाई म्हणाल्या. "घरात एकटी बाई, गडी गावाला. मग दुसऱ्या पेल्यानं पाणी कोण प्यालं? मलाही आधी कोडं पडलं होतं. ते शिवबाईंनी सोडवलं. वहिनींचा नेम आहे, नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्यांच्याच ताटात जेवायचं. ते गावाला गेले तर त्या दुधावर राहतात. परसाल तापातही राहिल्या. या आठवड्यात दूध रोजचंच, अर्धा शेर. आणि आज दुपारी त्या जेवून उठल्या होत्या. दोघं जेवली तरी ताट एकच पडणार. म्हणजे कोंडीबा, तू जे ताट बघून सावकार घरात नाहीत म्हणालास, त्याच ताटावरून मला कळलं की ते आज दुपारी इथेच जेवलेत."

कोंडीबानं कपाळावर हात मारला.

"नवऱ्यानं सांगितलं म्हणून वहिनी आमच्याशी खोटं बोलल्या," मुक्ताबाईंचा आवाज आणखी मऊ झाला. "पण देवाशी त्यांना खोटं बोलता आलं नाही. एवढंच मला सांगायचं होतं."

वच्छलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिवाणजी पुढे झाला. "बाईसाहेब, मालकांनी सांगितलंय..."

"सहा दिवस सांगितलेलंच ऐकतेय मी," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली, अंगण ओलांडलं आणि कुलूप उघडलं. "बाहेर या. माझा चातुर्मास नासवू नका."

आतून आधी खोकला आला, मग हिंदुराव सावकार आले. अंगावर धान्याची धूळ, डोळे उजेडानं मिचमिचलेले. शिवबाईला हसू आवरेना. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"तब्येत बरी नव्हती," सावकार पुटपुटले. "उजेड सोसत नव्हता."

"आता बरी दिसतेय," पुजारी म्हणाले. "पैसे घ्या, सही करा. आम्ही सगळे साक्षीला आहोतच."

चार माणसांच्या देखत सावकार घरात गेले. तिजोरी उघडली. सावकारांनी कागदाच्या पाठीवर सगळी रक्कम पोचल्याचं लिहून सही केली. पुजाऱ्यांनी साक्ष घातली, शिवबाईनं अंगठा दिला. नोंदणीच्या कचेरीत सोमवारी सकाळी यायचंही सावकारांनी देवासमोर कबूल केलं. चंद्रव्वाची पिशवी रिकामी झाली, पण हात ती तशीच पोटाशी धरून राहिले. गुरप्पानं हळूच एकेक बोट सोडवलं आणि पिशवीत कागद ठेवला.

निघताना वच्छलाबाईंनी मुक्ताबाईंना दारात गाठलं. "माझा नेम मोडला का हो?"

"मोडला असता तर आज यांचं घर राहिलं नसतं," मुक्ताबाई म्हणाल्या.

पाऊस थांबला होता. भवानी पेठेच्या तोंडाशी गुरप्पा एका दुकानात शिरला आणि कागदाच्या पुडीत पावशेर खिळे घेऊन बाहेर आला.

"खिळे कशाला?" कोंडीबानं विचारलं.

चंद्रव्वा हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "तीन वर्सं भिताडाला एक खिळा मारला न्हाय, दादा. कापडं दोरीवर, आरसा जमिनीवर, देव खोक्यात. दुसऱ्याची व्हायची भिंत, तिला भोक कशाला पाडायचं म्हणून. ह्यांनी मनाशी मोजून ठेवल्यात जागा."

दोघं बहीणभाऊ कोपऱ्यावर थांबले. तिघं बोळात गेली. दार उघडल्याचा आवाज आला, म्हातारीनं काहीतरी विचारलं, सोमलिंगनं मोठ्यानं उत्तर दिलं, पोरांनी एकच गिल्ला केला. मग हातोडा सुरू झाला. एक खिळा, दुसरा, तिसरा. गुरप्पाला दम निघत नव्हता.

आणि त्या सगळ्यावरून चंद्रव्वाचा आवाज बोळाबाहेर आला.

"अवं, दमानं मारा की! भिंत आपली हाय!"