डावी कळी

भात कापताना सरूच्या पायाला विळा लागला, त्याला आठ दिवस झाले होते. कासूच्या रस्त्यावर जीप उभी करून शिवा देवळात आला तो देवळाची पूजा करणाऱ्या महिपतीकाकांना एवढंच सांगायला, की बहिणीला, सरूला, पेणला दवाखान्यात नेतोय.

गाभाऱ्यात भर दुपारी काळोख. तेलाचा वास, ओल्या दगडाचा वास, आणि त्यांवर चढलेला, बाहेर मंडपात निजवलेल्या सरूच्या काळ्या पडलेल्या पायाचा वास. काकांनी कौल लावला होता. देवाच्या छातीवर पाण्यानं चिकटवलेल्या तगरीच्या दोन कळ्या. उजवी पडली तर दवाखाना, डावी पडली तर नाय. चार दिवस डावीच पडत होती.

"थांब. देव सांगंल."

"देव की तुमचा अंगठा? डावीला पाणी कमी लावता तुम्ही. बघितलंय मी."

"कॉलेज अर्ध्यात सोडून आलास, नि देवाला शिकवतोस?"

"आई गेली तेव्हाही डावीच पडली होती ना, काका?"

"देवानं ठरवलं. माझ्या हातात काय होतं?"

हेच. मारायचं यांनी, नाव देवाचं. वर टिळा लावून गावभर मान घ्यायचा. शिवानं कळ्या उपटल्या, सदऱ्याच्या टोकानं देवाची छाती खसाखसा पुसली आणि कळ्या त्याच कोरड्या छातीवर नुसत्या टेकवल्या.

"आता पाडा."

पाणी नसतानाही कळ्या तशाच चिकटून राहिल्या. आत कुणीतरी लांब श्वास सोडला. तो काकांचा नव्हता, शिवाचाही नव्हता.

"शिवा... काढ त्या..."

"आता तुम्ही सांगा. न्यायची का नाय?"

काकांनी देवाकडे हात दाखवला. शिवानं सरूला उचललं.

पेणला डॉक्टर म्हणाले, "पाय गुडघ्यापासून काढावा लागेल. लवकर ठरवा."

"पाय नको रे शिवा... मेले तरी चालंल..."

काय करायचं ते कुणीतरी सांगावं, एकदाच, असं शिवाला फार वाटलं. तेवढ्यात छातीला गार लागलं. सदऱ्यावर तगरीच्या दोन कळ्या होत्या. ओल्या.

त्याच्याकडे बघत कुणी नव्हतं.

"काढा," तो म्हणाला आणि सही केली. उजवी कळी पडली ती सहीनंतर. आधी नाही.

सरू जगली. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "कुणी ठरवलं?"

"मी."

त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही.

त्या रात्री त्यानं सदरा काढला. डावी कळी सदऱ्यावर नव्हती. खाली छातीच्या कातडीला चिकटली होती. अजून आहे. ताजी.