काही लागलं तर बेल वाजवा

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. ज्याला थापा वाटतील त्याने आमच्या घरी येऊन एकदा तिचा चेहरा बघावा, मग बोलावं.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. हिवाळ्यातली लख्ख दुपार होती.

मावशी नर्स आहे. घरी अंथरुणाला खिळलेली आजी. आजीला भीती एकच, एकटीने मरायची. म्हणून तिच्या उशाशी पितळी घंटी ठेवलेली, आणि मावशीचा शब्द... "तू वाजवलीस आणि मी आले नाही, असं व्हायचं नाही."

त्यापायी ड्युटी सोडली तर मावशी कुठे जायचीच नाही. त्या खेपेला माझ्या आईनेच तिला वॉर्डातल्या मैत्रिणींबरोबर सहलीला पिटाळलं. "जा गं बाई, मी आहे ना आईजवळ!"

मुक्काम होता गावाबाहेरच्या एका जुन्या बंगल्यात. कधीकाळी बड्या जमीनदाराचा, आता त्याचं हॉटेल केलेलं. स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर घंट्यांची रांग होती. पूर्वी वरच्या खोलीतून मालकांनी दोर ओढला की तारेने खाली घंटी वाजायची आणि नोकर धावायचे.

"शोभेला ठेवल्यात," रखवालदार म्हणाला. "तारा केव्हाच कापल्या."

जेवणं झाली. सगळ्या जणी दिवाणखान्यात आडव्या झाल्या. गप्पा विरत गेल्या. मावशीची एक मैत्रीण, जिला सगळ्या जाडीच म्हणतात, घोरायलाही लागली.

आणि...

टिण्.

सगळ्या ताडकन उठून बसल्या. मग एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

"सुट्टीवर आलोय गं!" जाडी म्हणाली. "वाजेना का मेली."

टिण्... टिण्...

वाजती बेल वाजू देणं मावशीच्या रक्तातच नाही. पायांत चपला सरकवत ती निघालीसुद्धा. "आले हं, आले..."

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं नाव लिहिलेली घंटी हलत होती. वरची तार तुटकी, लोंबकळती.

मावशी वर गेली. दार उघडं होतं. आत कोणीच नव्हतं. पलंगावरची चादर मात्र चुरगळलेली, उशीला डोक्याचा खळगा.

तिने उशीला हात लावला...

गरम. तापाने फणफणलेल्या माणसाची असते तशी.

दुसरी कोणी असती तर किंचाळत पळाली असती. मावशीच्या हातांनी मात्र रोजचं काम केलं. उशी झटकली, चादर ताणली, कोपरे खोचले. आणि दाराशी येऊन, मागे न बघता, ती प्रत्येक पेशंटला जे म्हणते तेच बोलून गेली.

"काही लागलं तर बेल वाजवा हं. मी आहे."

मागे कोणीतरी हुश्श केलं.

खाली आली ती घामाने निथळत. रखवालदाराने सगळं ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. "त्या खोलीला कुलूप असतं, बाई. आणि तुम्ही... वाजव म्हणालात?"

त्याच संध्याकाळी सगळ्यांनी गाशा गुंडाळला.

घरी काही दिवस बरे गेले. मग एकदा घंटी वाजली. मावशी आजीकडे धावली. आजी गाढ झोपलेली, घंटी जागच्या जागी.

आवाज मागच्या रिकाम्या खोलीतून येत होता. हुबेहूब आजीच्या घंटीचा.

तिथल्या पलंगाची चादर चुरगळलेली होती. उशी गरम.

मग हे रोजचंच झालं. मावशीशिवाय कोणालाच ऐकू यायचं नाही. ती जाऊन पलंग नीट करीपर्यंत ते थांबायचं नाही. बिचारी वाळत चालली. कोणती घंटी खरी, तिला कळेना.

एका सकाळी ती मागच्या खोलीत चादर खोचत होती. तेवढ्यात...

खण्ण.

पितळ फरशीवर आपटलं होतं.

मावशी जिवाच्या आकांताने धावली. आजीचा हात पलंगाखाली लोंबत होता. डोळे दाराकडे लागलेले. सगळं संपलं होतं.

फरशीवर पडलेली ती घंटी आम्ही अजून हलवलेली नाही. मावशी मात्र अजूनही घंटी ऐकून मध्येच उठते, मागच्या खोलीकडे निघते. मी हात धरून म्हणते, "नको ना जाऊस."

"आईची असली तर?" ती म्हणते, आणि हात सोडवून घेते.

आजीची एकदाही नव्हती.