सांध्याच्या चार बोटं वर

"मॅडम, आज तपासणीला येणार होतात ना? बागच राहिली नाही," सकाळी आठला फोनवर आवाज आला.

फळबाग अनुदानाच्या तपासनीस बाई पोहोचल्या तेव्हा बागवाला बांधावर डोकं धरून बसला होता. संत्र्याच्या साठ कलमांपैकी पंचेचाळीस छाटलेली. झाडं जिवंत नसतील तर अनुदान बंद, शिवाय आधीचं परत.

बाई वाकल्या. प्रत्येक काप तिरका, खुंट आणि कलमकाडी जुळतात त्या सांध्याच्या बरोबर चार बोटं वर. जमिनीवर छाटलेली एक काडीही नव्हती. कडेची पंधरा झाडं मात्र शाबूत.

"ही का सोडली?"

"काय माहीत. कमी पडली म्हणून ती बाजारातून आणली होती."

"आणि बाकीची?"

"घरचीच." तो घाईने पुढे म्हणाला, "हे चुलतभावाचंच काम. माझ्या बागेचा फोटो तुमच्या कार्यालयात लागला, त्याचा अर्ज फेटाळला. तेव्हापासून त्याच्या पोटात दुखतंय."

बाईंनी गाठून विचारलं तेव्हा चुलतभावाने आढेवेढे घेतले नाहीत.

"जळतो मी त्याच्यावर. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण मी कापली असती तर बुंध्यातून कापली असती. इतकी निगुतीने कशाला?"

बाईंना ते पटलं. घरात कलमं कोण बांधतं, तेही त्यांनी त्यालाच विचारलं. मग बागवाल्याला सोबत घेऊन त्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या रोपवाटिकेत गेल्या. ताई रोपाच्या खुंटावर कलमाची पट्टी गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ताई, मेजाखालच्या ओल्या गोणपाटात काय आहे?" बाईंनी विचारलं.

तिचे हात थांबले. बागवाल्याने गोणपाट उलगडलं. संत्र्याच्या ताज्या काड्या, पानं खुडून नीट जुड्या बांधलेल्या.

"शत्रू काड्या तिथेच टाकून गेला असता," बाई म्हणाल्या. "या काड्यांवरच्या कोंब फुटणाऱ्या डोळ्यांपासून नवी कलमं होतात, म्हणून त्या टाकवल्या नाहीत. सांध्याच्या वर कापलं की झाड पुन्हा फुटतं. म्हणजे मारायचंही नव्हतं. आणि बाजारातल्या झाडांना हात लावला नाही. कापणाऱ्याने फक्त आपली झाडं कापली. तुमच्या भावाच्या अर्जात मात्र लिहिलंय, 'कलमे स्वतः तयार केली.'"

"फोटोखालीही तेच लिहिलंय," ताई म्हणाली. "मी मुद्दाम बघायला गेले होते. लोक म्हणत होते, काय हात आहे याचा. याला साधी पट्टी बांधता येत नाही."

"ताई, मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? माझं कौतुक कर म्हणून?"

 बाईंनी वही उघडली.

"झाडं जिवंत आहेत, तसं मी लिहीन. अर्जातलं खोटंही लिहीन. तक्रार द्यायची आहे?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. रागाने त्याचा चेहरा लाल झाला होता.

"द्यायची."

"सांगा मग. झाडं कोणी कापली?"

"बहिणीने."

"ती झाडं तयार कोणी केली होती?"

 ताई त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"बहिणीनेच," तो म्हणाला.

बाईंनी ताईला पूर्ण नाव विचारलं. तिने ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि कापणारी, तयार करणारी अशा दोन्ही ठिकाणी नीट लिहिलंय ना, ते वाकून पाहिलं.