नवाची सही, दहाचा कागद

बस गा, त्या बाकड्यावर बस. तुह्या गाडीत माल भराले अजून अर्धा घंटा आहे, मी आत्ताच पाहून आलो. तोपर्यंत चहा घे अन् एक गोष्ट आयक. प्रेमाची आहे... हसू नको. या वयात मी काय प्रेमाच्या गोष्टी सांगतो म्हणशील, पण माह्या डोळ्यासमोर घडली, अन् अर्धीच घडली, म्हून पोटात राहत नाही.

हे समोरचं गोडाऊन आहे ना, इथं मागच्या दिवाळीनंतर दामिनी नावाची पोट्टी कामाले लागली. उमरेडकडची. हापिसात आला-गेला माल लिवाचं काम. वय असन सव्वीस-सत्तावीस. बाप नाही. माय भावाजवळ राहते, अन् भावाच्या घरी हिच्यापुरती जागा होती, पण तिथं बसलं की भावजयीचं तोंड वाकडं होये. म्हून हिनं इथंच, वाडीत, खोली घेतली. एक खाट, एक शेगडी, एक कप. पाहुणा आला तर चहा कशात द्यावा, हा प्रश्न कधी पडलाच नाही. पाहुणा आलाच नाही ना बाप्पा! संध्याकाळी भाजीवालीले ती मेथीचा भाव दोनदा विचारे. घ्याची नसे. कोणी आपल्याशी बोलावं, एवढंच.

तर पहिलाच दिवस. सकाळची धुई अशी की समोरचा ट्रक दिसे ना. ही ओढणी तोंडाले गुंडाळून, डबा छातीशी धरून आवारातून चालली. अन् त्या धुईतून फोर्कलिफ्ट आली — ते दोन दात पुढे काढून माल उचलते ना, ते गाडी. आली ते थांबेच ना!

"ओ म्याडम! सरका!"

ती सरकली. गाडी हातभरावर येऊन थांबली. वरून एक उंच पोट्टा उतरला. कानटोपी, अन् शर्टाच्या खिशात पिवळ्या खडूचे तुकडे. हिच्यापेक्षा त्याचंच तोंड पांढरं पडलं होतं.

"लागलं का कुठी?"

"नाही. ब्रेक लावता येत नाही का तुमाले?"

"मले येते. हिले येत नाही." त्यानं गाडीवर थाप मारली. "मी ब्रेक दाबला की ही आधी इचार करते... मंग थांबते."

राग याले पाहिजे होता, आलं हसू. लपवाले ओढणी होतीच. पण डोळे कुठी लपवन?

तो जितेंद्र. सावनेरकडचा, घरी शेती, थोरला भाऊ ते पाहते, हा इकडे गाडी चालवाले. कोणता माल कुठी जाचा, ते थप्पीवर पिवळ्या खडूनं लिवे. अक्षर मात्र एकदम सुरेख. संध्याकाळी दोघाइचा रस्ता गेटपासून वळणापर्यंत एकच. पहिले आठ दिवस तो चार पावलं मांगं चाले. नवव्या दिवशी तीच थांबली.

"मांगं मांगं काहून येता?"

"रस्ता इकडूनच आहे म्याडम."

"मंग सोबत चाला ना. लोकाइले वाटन मी उधारी बुडवून पळून राहिली."

त्या दिवसापासून सोबत. धा मिनिटाचा रस्ता ते वीस मिनिटं चालत. ट्रकाइचा असा आवाज, की अर्धं बोलणं समजे नाही, अन् मंग "काय म्हणाले?" म्हणत जराकसं जवळ सरकावं लागे...

त्याच महिन्यात मोठ्या हापिसातून एक साहेब आले. भिंतीवर पाटी लावली — आदर, विश्वास, मोकळेपणा. म्हणे इथं कोणी दबून राहाचं नाही, कामाची जागा चांगली पाहिजे. पाटीखाली टिनाची पेटी ठोकली. तक्रार असन तर चिठ्ठी टाका, नाव लिवू नका. चावी दिली दामिनीले, कावून की ती नवी, कोणाच्या बाजूची नाही. रीत अशी ठरली — शनिवारी पेटी उघडाची, चिठ्ठी आपल्या अक्षरात बुकात उतरवाची, तो कागद मोठ्या हापिसात पाठवाचा, अन् मूळ चिठ्ठी फाडून टाकाची. म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखाले नको.

महिनाभर पेटीत काही नाही. एकदा निघाली ते पाल.

"आज किती तक्रारी?" जितेंद्र रस्त्यानं विचारे.

"एकही नाही."

"मंग मी करू का एक?"

"कोणाची?"

"तुमची. तुमी हसता तेव्हा तोंडावर ओढणी घेता. आमच्यासारख्या गरीब माणसाचं नुकसान होते."

"पेटीत टाका. शनिवारी पाहू."

अन् खोलीवर जाऊन ते पोट्टी आरशासमोर ओढणी काढून हसून पाहे. एकटीच. मंग स्वतःलेच लाज वाटे.

जानेवारीत एका शनिवारी पेटीत खरोखरची चिठ्ठी निघाली. हिले वाटलं त्यानंच टाकली असन काही गमतीची. पण चिठ्ठीत होतं — चार नंबरच्या गाडीचा ब्रेक धरत नाही. तीनदा सांगितलं. चालव तशीच म्हणतात. खाली बाया झाडतात, कोणी मरेल.

तेच थप्पीवरचं सुरेख अक्षर, अन् कागदाच्या कोपऱ्याले पिवळ्या खडूचा अंगठा.

तिनं बुकात उतरवलं. चिठ्ठीचे बारीक तुकडे केले, पाण्यात भिजवले, टाकले. पण डोळ्यानं पाहिलेलं कसं फाडावं? चार नंबरची गाडी तीन ड्रायव्हर पाळीपाळीनं चालवत. कोणी लिवलं, हे साऱ्या गोडाऊनात तिले एकटीले ठाऊक. आठ दिवसात मिस्त्री आला, ब्रेक नवा झाला. अन् मॅनेजर महादेवरावले वरून फोन आला, चांगला तासला त्याले.

महादेवराव काही राक्षस नाही गा. बावीस वर्षं इथं घालवले त्यानं. पण नाव खराब झालं ना, त्याले झोप लागे ना. दामिनीले बोलवलं.

"पोरी, कोणी लिवलं?"

"माहीत नाही साहेब."

"माहीत आहे. तुह्या तोंडावर दिसते. तुह्या पक्क्या नोकरीचा कागद माह्या टेबलावर पडून आहे... तिघाइतला एक आहे, एवढं मले समजते. तू नको सांगू. तू कोणाशी बोलतं, ते मी पाहतो."

झालं. त्या दिवसापासून काचेतून त्याची नजर. ही ज्याच्याशी बोलन, त्याच्यावर संशय. म्हून हिनं काय केलं — तिन्ही ड्रायव्हराइशीच नाही, साऱ्याइशीच बोलणं सोडलं. कामापुरतं हो-नाही. संध्याकाळी अर्धा घंटा उशिरा निघे, एकटी.

जितेंद्र दोन दिवस गेटवर थांबला. तिसऱ्या दिवशी हापिसात आला.

"म्याडम... काही चुकलं का माह्यं?"

काचेपलीकडे महादेवरावचं डोकं वर झालं. दामिनीनं बुकातून मान काढली नाही.

"तुमचं काम करा तुमी."

तो गेला. तिनं त्या पानावर एकच आकडा तीनदा लिवला.

तू म्हणशील, बाहेर गाठून सांगाचं होतं त्याले. मीबी हेच म्हटलं असतं. पण तिले तो माणूस समजला होता. महादेवराव हिले छळून राहिले एवढं कानावर गेलं असतं, तर हा दुसऱ्या मिनिटाले जाऊन उभा राहिला असता, 'मी लिवली' म्हणून. अन् नोकरी गेली असती. शिवाय चावी हाती घेतली तेव्हा तिनं कबूल केलं होतं — कोणाचं नाव तोंडातून निघणार नाही. मंग त्याच्यासमोर तरी कसं काढाचं? त्याले कळलं असतं की पेटी उघडणारीले अक्षर ओळखू येते, तर त्या पेटीवर कोणाचा भरोसा राहिला असता?

तीन आठवडे असे गेले. वळणापर्यंतचा रस्ता एकटीचा. भाजीवालीले भाव विचारणंबी बंद केलं तिनं.

अन् एका शुक्रवारी तो कागद घेऊन आला. सावनेरच्या गोडाऊनात बदली मांगतली होती त्यानं, मंजूर झाली.

"शिक्का पाहिजे म्याडम. उद्याचा शेवटचा दिवस."

तिनं शिक्का उचलला. मारला, तो तिरपा लागला.

"घरचं जेवण भेटन तुमाले आता," ती कशीबशी म्हणाली.

"हाव. इथं तसंबी..." तो थांबला. "इथं सोबत कोणी चालत नाही."

रात्री तिनं मोबाईल काढला. लिवलं, खोडलं. लिवलं, खोडलं. तिकडे त्याच्या मोबाईलवर ते 'टायपिंग' का काय येते ना, ते घडीघडी येऊन जाये. हे त्यानंच मले सांगतलं. वाट पाहून पाहून झोपला बिचारा.

सकाळी दामिनी पेटीसमोर उभी राहिली, अन् तिच्या ध्यानात आलं — तक्रार तर आपल्यालेबी करता येते! तिनं बुकात लिवलं, अन् त्याचीच एक नक्कल हापिसाबाहेरच्या नोटिशीच्या फळ्यावर टाचली. नावासकट. पेटीच्या इतिहासात नाव असलेली ते एकच तक्रार. मले सारी पाठ आहे —

'पेटीत चिठ्ठी कोणी टाकली, हे मला तीन आठवड्यांपासून विचारलं जात आहे. मी सांगितलं नाही, सांगणार नाही. मी ज्याच्याशी बोलेन त्याच्यावर संशय जातो, म्हणून मी इथे सगळ्यांशीच बोलणं बंद केलं. सगळ्यांची माफी. त्यात एक जण आहे, त्याच्याशी न बोलणं मला फार जड गेलं. त्याचं कारण पेटी नाही. कारण मी आहे. — दामिनी'

तेव्हा दहा वाजले होते. तशीच बस धरून ती शहरात मोठ्या हापिसात गेली, बुक दाखवलं, चावी टेबलावर ठेवली. आली ते एक वाजता. पळत फळ्याजवळ गेली. फळ्याखाली हजेरीची वही, सकाळी मिटलेली होती, आता उघडी, अन् वहीत जितेंद्रची जाण्याची सही. कागदापासून वीतभर खाली! तो निघून गेला होता.

तिले वाटलं, यानं वाचलं... वाचून खाली सही केली... अन् एका शब्दानं न बोलता गेला.

आता खरं काय ते आयक. त्यानं सही केली होती नवाले. सावनेरले जाणारा टेम्पो मांगच्या बाजूले लागला होता, भराले वेळ लागणार, म्हून सकाळीच सही करून घेतली अन् इथं येऊन चहा पेला. याच बाकड्यावर. "काका, चिठ्ठी मी टाकली होती," म्हणे, "त्याचा पस्तावा नाही. पण म्याडमले मी नकोसा झालो, ते कावून, समजलं नाही." मंग मांगच्या मांगं टेम्पोत बसून गेला. फळ्याकडे फिरकलाच नाही! अन् त्या वहीत सहीसमोर वेळ लिवाचा रिवाज नाही.

दोन महिने झाले. पेटीची चावी आता दोघाइजवळ राहते, अन् नाव विचारणाऱ्यालेच जाब विचारतात. महादेवराव एक दिवस दामिनीच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, म्हणे, "पोरी, मी घाबरलो होतो." तिच्या नोकरीचा कागदबी त्यानं सही करून दिला. फळ्यावरचा कागद काढतो म्हणाला शिपाई, तर महादेवरावच ओरडला त्याच्यावर, राहू दे म्हणून.

सगळं बरं झालं गा. माणसं एकमेकांशी बोलतात, जेवाले गोल करून बसतात, तिलेबी बोलवतात. ती बसते, हसते. अन् संध्याकाळी वळणापर्यंत एकटी जाते... त्या गर्दीतून उठून एकटी जाणं जास्त लागते माणसाले.

मी सांगतलं तिले, सही नवाची आहे म्हणून. हातातला कप खाली ठेवला तिनं. मंग म्हणे, "काका, मी एकदा लिवलं, भर फळ्यावर लिवलं. आता वाचाचं काम त्याचं आहे. मी बोलावलं म्हणून आला, तर मले जन्मभर वाटन की बोलावलं म्हणून आला."

जिद्दी आहे. पण चुकीचीबी नाही.

तुही गाडी आज सावनेरले चालली ना? माल उतरवाले फोर्कलिफ्ट घेऊन एक उंच पोट्टा येईन, खिशात पिवळा खडू. त्याले बाकी काहीच सांगू नको, तिचं नावबी घेऊ नको. फक्त म्हण, वाडीच्या फळ्यावर एक कागद आहे, दुपारचं ऊन पडून त्याचं अक्षर फिकं होऊन राहिलं, दिसते तोवर येऊन वाचून जाय. एवढा निरोप देशील ना गा?